गाळ आणि गाळणी : मोटारसायकलच्या ऑइल फिल्टरचा शंभर वर्षांचा इतिहास

१/
सुट्या भागांच्या दुकानात जाऊन ‘मोटारसायकलचा ऑइल फिल्टर द्या’ असे म्हटले की समोरून एकच प्रश्न येतो : ‘गाडी कोणती?’ हिंगोली असो, वसमत असो वा औंढा नागनाथ, हा प्रश्न चुकत नाही. काही गाड्यांसाठी दुकानदार चुणीदार कागदाची एक छोटी नळी पुढे ठेवतो. काहींसाठी तो सांगतो, ‘हिला असा फिल्टर येतच नाही.’ दोन्ही उत्तरे बरोबर असतात. ती वेगवेगळी का आहेत, हे समजण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते.

२/
प्रारंभ हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वरपासून करणे सोयीचे आहे. पूर्णा ही गोदावरीची उपनदी. तिच्यावर वरच्या अंगाला येलदरी आणि खालच्या अंगाला सिद्धेश्वर अशी दोन धरणे विसाव्या शतकाच्या साठच्या दशकात उभी राहिली. येलदरीचे पाणी सिद्धेश्वरच्या जलाशयात येते आणि तेथून कालव्यांवाटे शेतांकडे जाते. वाहते पाणी जलाशयात शिरताच त्याचा वेग मंदावतो आणि त्याने वाहून आणलेली माती तळाशी बसते. तिला मराठीत गाळ म्हणतात.

३/
गाळ, गाळणे आणि गाळणी हे एकाच कुळातील शब्द. वाहत्या पदार्थातून जे मागे राहते ते आणि मागे ठेवण्याची क्रिया, या दोहोंना मराठीने एकच नाव दिले. जुने इंजिन उघडल्यावर तळाशी जो काळा, चिकट थर दिसतो, त्यालाही मेकॅनिक ‘गाळ’च म्हणतो. मोटारसायकलच्या इतिहासात या गाळावर तीन उपाय झाले : तेल जाळून टाकणे, तेल गरगर फिरवून गाळ वेगळा करणे आणि तेल कागदातून गाळून घेणे. प्रत्येक उपायाने एकेक कालखंड व्यापला.

४/
इंजिनातील तेलात घाण येते कोठून? पहिला स्रोत खुद्द इंजिन : पिस्टन, रिंगा, गिअर यांच्या घर्षणातून धातूचे सूक्ष्म कण सुटतात. दुसरा स्रोत ज्वलनातून येणारी काजळी. तिसरा रस्त्यावरील धूळ. एअर फिल्टर फाटका किंवा सैल असेल तर उन्हाळ्यात शिवाररस्त्यांवरची बारीक धूळ थेट सिलिंडरमध्ये आणि तेथून तेलात उतरते. बहुतेक आधुनिक मोटारसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअर यांना एकच तेल पुरते. त्यामुळे क्लच प्लेटांचा भुगाही त्याच तेलात मिसळतो. मोटारीच्या तेलावर हा भार सहसा नसतो.

५/
धातूचा कठीण कण दोन घासणाऱ्या भागांमधील तेलाच्या पडद्यापेक्षा मोठा असेल, तर तो दोन्ही पृष्ठभागांना ओरखडतो. ओरखड्यातून नवे कण निघतात आणि ते पुन्हा तेलात येतात. झीज अशी स्वतःलाच खतपाणी घालते. शेवटी रिंगा सैल पडतात, गाडी धूर मारू लागते आणि मेकॅनिक ‘इंजिन काम’ सांगतो. गाळणीचे काम हे चक्र पहिल्या टप्प्यातच तोडण्याचे आहे.

६/
आश्चर्य असे की आरंभीच्या मोटारसायकलींना गाळणीची फारशी गरजच नव्हती. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या निरोप्यांनी वापरलेली ट्रायम्फ मॉडेल एच ही गाडी पाहावी. तिच्यात तेलाचा हातपंप होता. चालकाने प्रवासात अधूनमधून तो दाबायचा आणि ताज्या तेलाचा घोट इंजिनाला द्यायचा. वापरलेले तेल जळून जाई किंवा गळून रस्त्यावर पडे. जे तेल परत येतच नाही, ते गाळायचे कशाला?

७/
ही पद्धत उधळपट्टीची होती, आणि चालकाच्या आठवणीवर इंजिनाचे आयुष्य सोपवणारीही. पुढे पंपाने तेल फिरवून पुन्हा वापरण्याची रीत रूढ झाली. तेल वाचले, हातपंप गेला. पण त्याच वेळी एक नवी अडचण जन्माला आली. तेच ते तेल शेकडो मैल फिरू लागले आणि प्रत्येक फेरीत थोडी घाण उचलू लागले. ऑइल फिल्टरचा इतिहास येथून सुरू होतो.

८/
१९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलंड आणि जॉर्ज ग्रीनहाल्घ यांनी मोटारीच्या इंजिनासाठी तेलाची गाळणी तयार केली. तिचे नाव ‘प्युरोलेटर’. ‘प्युअर ऑइल लेटर’, म्हणजे ‘नंतर शुद्ध तेल’, या तीन शब्दांना जोडून ते घडवले होते. १९२४ साली क्रायस्लरच्या नव्या मोटारीत ती बसवली गेली. पुढे १९५४ मध्ये डब्याच्या आकाराचा, हाताने आटे फिरवून बसवता येणारा फिल्टर आला. बदलायचा भाग आणि त्याचे घर एकच झाले.

९/
फिल्टर प्रथम मोटारीत रुजला, मोटारसायकलीत उशिरा. कारण उघड आहे. मोटारीत जागा मुबलक, तेलही तीन-चार लिटर. लहान मोटारसायकलीत तेल एखाद्या लिटरच्या आसपास आणि प्रत्येक घनसेंटिमीटर मोलाचा. १९६९ साली होंडाने सीबी ७५० ही चार सिलिंडरांची गाडी आणली तेव्हा इंजिनाच्या पुढच्या बाजूला बदलता येणारा फिल्टर ठळकपणे दिसत होता. पण ती श्रीमंत देशांच्या रुंद रस्त्यांसाठी घडलेली मोठी गाडी होती. भारताची वाट वेगळी होती.

१०/
भारतात गाळणीचा जुना परिचय बुलेटने करून दिला. १९५५ साली मद्रासमध्ये एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि सैन्याला लागणाऱ्या ३५० सीसी बुलेटची जोडणी तेथे सुरू झाली. जुन्या लोखंडी इंजिनाच्या बुलेटमध्ये तेल गाळण्यासाठी नमद्याचा, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा, फिल्टर असे. इंजिनाच्या कव्हरातील एका कप्प्यात तो बसे.

११/
हा नमदा पेट्रोलमध्ये धुऊन पुन्हा बसवता येई. ठरावीक अंतरानंतर तो बदलणे अपेक्षित होते. तो किती वेळा धुवायचा, हे मात्र व्यवहारात मालकाच्या ऐपतीवर आणि मेकॅनिकच्या सल्ल्यावर ठरे. निवड होती ती एवढीच : धुवायचा की फेकायचा. धुतलेला नमदा वरून स्वच्छ दिसला तरी त्याच्या तंतूंत खोलवर अडकलेले कण निघतीलच, याची शाश्वती कोण देणार?

१२/
परंतु ग्रामीण महाराष्ट्राचे रस्ते त्या काळी बुलेटचे नव्हते. गावोगावी दिसे ती एस्कॉर्ट्सची राजदूत. दुधाच्या कॅनांशी तिचे नाते पक्के जुळले होते. म्हैसूरची जावा आणि पुढे त्याच कारखान्याची येझदी होती. १९७२ साली कायनेटिक इंजिनिअरिंगने लुना आणली. त्याच वर्षी बजाजने आकुर्डीच्या कारखान्यातून चेतक आणली आणि तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबू लागले. स्कूटर, मोपेड, फटफटी : रूपे निराळी, इंजिनाची जात एकच, टू-स्ट्रोक.

१३/
टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पिस्टनच्या खालच्या पोकळीतून जाते. तेथे तेलाचा वेगळा साठा ठेवता येत नाही. म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळले जाते. ते वाटेत बेअरिंगला व सिलिंडरला वंगण देते आणि शेवटी पेट्रोलबरोबर जळते. पंपावर पेट्रोल भरल्यावर मापाने टू-टी ऑइल ओतण्याचे दृश्य एका पिढीच्या ओळखीचे आहे. गाडीमागचा निळसर धूर हा त्याच तेलाचा.

१४/
तेल परत येत नसल्यामुळे ते गाळण्याचा प्रश्नही उरला नाही. गिअरबॉक्समध्ये वेगळे तेल असे. ते मुदतीनंतर खालचा बोल्ट काढून सोडून द्यायचे. म्हणजे ट्रायम्फच्या हातपंपाचेच तत्त्व अर्धशतकानंतर भारतीय रस्त्यांवर नांदत होते. मालकाचा निर्णय एकच : तेल किती मिसळायचे. कमी पडले तर पिस्टन जॅम, जास्त झाले तर प्लग काळा आणि सायलेन्सरमध्ये कार्बन.

१५/
ऐंशीच्या दशकात सरकारने विदेशी सहकार्याचे दार उघडले आणि जपानच्या चार कंपन्या भारतीय भागीदारांसह उतरल्या. १९८४ मध्ये इंड-सुझुकी, १९८५ मध्ये यामाहा आरएक्स १०० आणि हिरो होंडा सीडी १००, १९८६ मध्ये कावासाकी बजाज केबी १००. चौघींची क्षमता १०० सीसीच्या आसपास. त्यांपैकी तीन टू-स्ट्रोक होत्या. फोर-स्ट्रोक होती ती एकटी हिरो होंडा.

१६/
याच काळात मराठवाड्याचा या कथेशी थेट संबंध आला. १९८५ साली औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूज येथे बजाजचा कारखाना सुरू झाला. निजामाच्या राज्यातून १९४८ साली मुक्त झालेल्या आणि उद्योगांत मागे राहिलेल्या या प्रदेशात दुचाक्या बनू लागल्या. केबी १०० ही त्या पर्वातील गाडी. तीही टू-स्ट्रोकच होती. तेल जाळणारी, इंजिनाची गाळणी नसलेली.

१७/
फोर-स्ट्रोक इंजिनात मात्र तेल तळाशी साठते, पंपाने वर जाते आणि परत खाली येते. म्हणजे गाळ आलाच. सीडी १०० च्या ९७.२ सीसी इंजिनात होंडाने यावर जो उपाय ठेवला होता, त्यात विकत घ्यायचा भाग नव्हता. पंपाच्या तोंडाशी तारेची एक जाळी. ती मोठे तुकडे अडवी. बारीक कणांसाठी क्रँकच्या टोकाला एक फिरती वाटी बसवलेली. तिला केंद्रोत्सारी किंवा सेंट्रिफ्यूगल फिल्टर म्हणतात.

१८/
या वाटीचे तत्त्व दुधाच्या धंद्यातील माणसाला चटकन समजेल. १८७८ साली स्वीडनमध्ये गुस्ताफ दे लावाल यांनी दूध वेगाने फिरवून साय वेगळी करणारे यंत्र तयार केले. जड दूध बाहेरच्या बाजूला जाते, हलकी साय मध्याकडे राहते. क्रँकच्या टोकावरील वाटीतही तेच घडते. धातूचे कण आणि चिकटून जड झालेली काजळी कडेला फेकली जाते, भिंतीला थर धरून बसते आणि मध्यातून तुलनेने स्वच्छ तेल पुढे जाते.

१९/
हिशेब करून पाहण्याजोगा आहे. इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्या घेत असेल आणि वाटीची त्रिज्या अडीच सेंटिमीटर धरली, तर कडेवरील कणावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १,००० पट ओढ पडते. सिद्धेश्वरच्या जलाशयात मातीचा कण संथपणे तळाला जातो. तोच नियम येथे हजारपट घाईने चालतो. कागद नाही, कापड नाही, तुंबण्यासारखी छिद्रेही नाहीत.

२०/
या योजनेचा लाभ मोठा होता. मुदतीला तेल बदलले की काम भागे. दर खेपेस सुटा भाग विकत घ्यावा लागत नसे. दूरच्या गावात सुटे भाग मिळतील की नाही, ही विवंचना नव्हती. पण वाटीत साठलेला गाळ आपोआप नाहीसा होत नाही. तो काढण्यासाठी क्लचकडील कव्हर उघडावे लागते, वाटी खरवडून पुसावी लागते आणि कव्हर बंद करताना पॅकिंग नवे टाकावे लागते. हे काम तेल बदलण्याहून वेळखाऊ, म्हणून सहज राहून जाणारे.

२१/
सीडी १०० ची जाहिरात ‘फिल इट, शट इट, फरगेट इट’ या घोषवाक्याने गाजली. पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरा. बोलणे पेट्रोलच्या बचतीविषयी होते आणि ते लोकांच्या मनात ठसले. वाटीतील गाळ विसरण्याची मुभा मात्र इंजिनाने कुणाला दिली नव्हती. १९९४ मध्ये आलेल्या स्प्लेंडरनेही हीच रचना पुढे चालवली. म्हणूनच स्प्लेंडरच्या मालकाला आजही दुकानात ‘हिला फिल्टर येत नाही’ हे उत्तर मिळते. त्याचा पूर्ण अर्थ असा : फिल्टर आहे, तो विकत घ्यायचा नसून साफ करायचा आहे.

२२/
टू-स्ट्रोकचा अस्त धुराने घडवला. वाहनांच्या धुरावर देशव्यापी मर्यादा १९९१ पासून आल्या. १९९६ आणि २००० मध्ये त्या अधिक कडक झाल्या. तेल जाळणाऱ्या इंजिनाला त्यांतून पार पडणे कठीण होत गेले. बजाजनेही १९९१ साली कावासाकीसह फोर-एस चॅम्पियन ही फोर-स्ट्रोक गाडी आणली. शतक संपता संपता दुचाकीचा ग्राहक स्कूटरकडून मोटारसायकलकडे आणि टू-स्ट्रोककडून फोर-स्ट्रोककडे वळला होता.

२३/
नोव्हेंबर २००१ मध्ये बजाजने १५० आणि १८० सीसीची पल्सर बाजारात आणली. पुण्याजवळच्या चाकणला ती बनू लागली. मोठी ताकद, जास्त फेऱ्या, जास्त उष्णता आणि दोन भागांमधील अंतर अधिक काटेकोर. तिच्या इंजिनात कागदी फिल्टर होता : लहानशा झाकणामागे बसणारी, मुदतीला काढून फेकण्याची नळी. पल्सर गावोगावी पोहोचली तशी ऑइल फिल्टर ही दुकानात मागून घेण्याची वस्तू झाली.

२४/
या नळीतील कागद वहीचा नव्हे. वनस्पतीजन्य तंतूंचा तो जाड कागद राळेत भिजवून भाजलेला असतो. गरम तेलात त्याने विरघळता कामा नये. त्याला चुण्या घालतात, कारण चुण्यांमुळे थोड्या जागेत मोठे क्षेत्रफळ सामावते. बहुतेक रचनांत तेल बाहेरून आत येते आणि घाण बाहेरच्या चुण्यांत अडकते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. हा कागद त्याहून कितीतरी बारीक कण अडवतो.

२५/
गाळणी अतिबारीक केली तर तेलच अडेल, भरड ठेवली तर कण निसटतील. त्यातही कागद तुंबला किंवा थंडीत तेल घट्ट झाले तर काय? त्यासाठी अनेक रचनांत बायपास व्हॉल्व्ह असतो. दाब वाढला की तो उघडतो आणि न गाळलेले तेल सरळ पुढे जाऊ देतो. इंजिनाला कोरडे ठेवण्यापेक्षा मळके तेल बरे, हा त्यामागचा विचार. मुदत उलटलेला फिल्टर म्हणूनच फसवा असतो. गाडी नेहमीसारखी चालते, आणि गाळण्याचे काम मात्र थांबलेले असू शकते.

२६/
येथून मालकाच्या वाट्याला खरी निवड आली. बाजारात साधारण तीन प्रकारचे फिल्टर दिसतात. पहिला, गाडीच्या कंपनीच्या वेष्टनातील. दुसरा, फिल्टर बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने विकलेला. तो उत्तम असू शकतो. तिसरा, पहिल्या दोहोंची नक्कल करणारा, ज्याला बाजार ‘डुप्लिकेट’ म्हणतो. किमतीतला फरक डोळ्यांना दिसतो. गुणांतला फरक इंजिनाच्या आत, काही हजार किलोमीटरनंतर दिसतो.

२७/
तरीही हातात घेऊन पारखण्याजोग्या खुणा आहेत. चुण्या समान अंतरावर आणि सरळ असाव्यात. जेथे कागदाची दोन टोके जुळतात तेथे चीर नसावी. दोन्ही टोकांच्या तबकड्या कागदाला सर्वत्र घट्ट चिकटलेल्या असाव्यात, कारण तेथे फट असेल तर तेल कागदाला वळसा घालून जाते. रबर लवचीक असावे. वेष्टनावर भागाचा क्रमांक, निर्माता आणि किंमत स्पष्ट छापलेली असावी. आणि बिल घ्यावे. बिल द्यायला नकार हीच पहिली खूण.

२८/
सर्वांत महत्त्वाचा भागाचा क्रमांक. दोन फिल्टर दिसायला जुळे असतात, उंचीत मात्र दोन-तीन मिलिमीटरचा फरक असतो. तेवढ्याने नळी आपल्या जागी घट्ट बसत नाही आणि तेल बाजूने निसटते. काही इंजिनांत फिल्टर उलटा बसला तर तेलाची वाटच बंद होऊ शकते. जुना ओ-रिंग पुन्हा वापरला की झाकणातून तेल पाझरते. चांगला फिल्टर निवडून चुकीचा बसवणे म्हणजे बांध भक्कम घालून मोरी उघडी ठेवण्यासारखे आहे.

२९/
तेलाचीही निवड याच्याशी जोडलेली आहे. १९९८ साली जपानमध्ये मोटारसायकलच्या तेलासाठी ‘जासो’ मानक ठरले. त्यातील ‘एमए’ हा वर्ग तेलात बुडालेल्या क्लचसाठी आहे. मोटारीचे अतिनिसरडे तेल घातले तर क्लच घसरू शकतो आणि प्लेटांचा भुगा फिल्टरवर येतो. आणखी एक गैरसमज : तेल काळे झाले म्हणजे ते वाईटच होते. चांगले तेल काजळी स्वतःत धरून ठेवते, तळाशी बसू देत नाही. म्हणून ते काळे पडते. बदलायचे ते मुदतीनुसार, रंगानुसार नव्हे.

३०/
आता दुकानदाराच्या प्रश्नाचा अर्थ उलगडतो. ‘बुलेट’ एवढे उत्तर त्याला पुरत नाही. जुन्या लोखंडी इंजिनाची बुलेट नमद्याच्या काळातली. २००८ नंतर आलेल्या नव्या इंजिनाला कागदी नळी लागते. त्याच घराण्यातील २०१८ च्या ६५० सीसी गाडीला आट्यांचा डबा. राजदूतला इंजिन फिल्टर नाही, स्प्लेंडरला फिरती वाटी, पल्सरला कागद. एकाच अंगणात उभ्या असलेल्या तीन गाड्या तीन कालखंडांतल्या असतात. फिल्टर निवडणे म्हणजे प्रथम आपल्या गाडीचा काळ ओळखणे.

३१/
सिद्धेश्वरच्या परिसरात हा विषय हौसेचा नाही. रेल्वे अकोला–पूर्णा मार्गावरच्या गावांपुरती. बाकी शिवार दुचाकीवर चालते. दूध डेअरीला, हळद बाजाराला, रुग्ण तालुक्याला आणि पोर शाळेला नेणारी गाडी तीच. फिल्टर आणि तेलावर वाचवलेल्या पैशांच्या कित्येक पट रक्कम इंजिन कामाला जाते. शिवाय इंजिन गॅरेजमध्ये उघडे पडले असताना कामाचे दिवस बुडतात ते वेगळेच. ऐन सुगीत ते परवडत नाही.

३२/
हातपंपाच्या काळात चालकाला तेलाचा घोट केव्हा द्यायचा हे ठाऊक असावे लागे. टू-स्ट्रोकच्या काळात माप ठाऊक असावे लागे. वाटीच्या काळात मेकॅनिकने कव्हर उघडायला हवे, आणि कागदाच्या काळात मालकाने दुकानात योग्य वस्तू मागायला हवी. यंत्र सुधारत गेले, तरी माणसाच्या ज्ञानाची गरज संपली नाही. ती दर पिढीला नव्या ठिकाणी गेली. मेकॅनिकच्या बोटांतले ज्ञान गिऱ्हाइकापर्यंत पोहोचण्याची वाट मात्र अजून कच्चीच आहे.

३३/
शेवटी एक योगायोग. १९७२ च्या चेतकला ऑइल फिल्टर नव्हता, कारण ती तेल जाळून टाकत असे. २०२० पासून रस्त्यावर आलेल्या विजेच्या चेतकलाही तो नाही, कारण तिच्यात पेट्रोलचे इंजिनच नाही. नाव तेच, आकुर्डीही तीच. या दोन चेतकांच्या मधोमध मोटारसायकलच्या कागदी फिल्टरचा काळ येतो.

३४/
तो काळ अजून सरलेला नाही. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केली. धरणातला गाळ शेतात पडला तर त्याचे सोने होते. इंजिनातल्या गाळाला असे भाग्य नाही. त्यात धातू आणि विषारी घटक असतात. म्हणून जुना फिल्टर आणि काळे तेल ओढ्यात किंवा विहिरीजवळ न टाकता जुने तेल गोळा करणाऱ्याकडे द्यावे. पूर्णेच्या पाण्यात आधीच पुरेसा गाळ आहे. (समाप्त)